खोकून बघ

केळीची बाग रात्री गप्प बसत नाही. दिवसा ते जाणवत नाही, कारण दिवसा डोळ्यांचं राज्य असतं. अंधार पडला की वरची ओली पानं एकमेकांवर घासू लागतात, बुंध्याला लोंबणारी वाळकी पानं कुरकुरतात आणि खाली साचलेल्या पाल्यातून काहीतरी सरकत जातं. या 'काहीतरी'शी माझी ओळख दहावीच्या वर्षी, डिसेंबरातल्या एका रात्री झाली.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, अनेरच्या बाजूला. उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. त्या काळी शेतीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री यायची. ठिबक अजून आमच्या शेतात आलं नव्हतं, केळीला पाणी सऱ्यांतूनच द्यावं लागायचं. रात्रीची पाळी आली की नाना, म्हणजे माझे थोरले काका, जेवून साडेनऊला निघायचे. त्यांचे दोन्ही मुलगे शिकायला बाहेरगावी होते आणि माझ्या वडिलांना दमा, थंडीत रात्री बाहेर पडणं त्यांना जमायचं नाही. मग बॅटरी धरायला मी जायचे. गावात लोक काही बोलले असतील. नानांनी ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

त्या रात्री मोटर सुरू करून आम्ही बांधावर बसलो होतो. नानांच्या अंगावर घोंगडी, माझ्या अंगात त्यांचा जुना स्वेटर. उजवीकडून करकर असा आवाज आला. मग काही नाही. मग पुन्हा करकर, थोडी पुढे. मी झटकन बॅटरी त्या बाजूला मारली. उजेडात केळीचे बुंधे दिसले, लोंबती पानं दिसली, त्यांच्या मागे काळोख. नानांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि बंद केली.

"आईक," ते म्हणाले.

मी ऐकू लागले. आवाज आता आमच्या समोरून डावीकडे चालला होता. सरळ जात नव्हता. दोन पावलं, मग थांबा. एकदम पाच-सहा पावलं, पुन्हा थांबा.

"खोक जराशी."

मी खोकले आणि आवाज तुटला. बागेतलं बाकीचं सगळं होतं तसंच चालू राहिलं, वरची पानं, मोटरची घरघर, लांबचं कुत्रं. ती करकर तेवढी सुरीने कापल्यासारखी बंद झाली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिकडे कोणीतरी आहे आणि ते आता आपल्याला ऐकतंय, हे मला त्या गप्प होण्यातून कळलं. माझ्या अंगावर काटा आला. मग पाला तुडवत, घाईघाईने, ते नाल्याकडे निघून गेलं.

"थांबनं ना? म्हंजे जित्तं शे," नाना म्हणाले.

सकाळी त्या जागी साळिंदराचा काटा सापडला. काळा-पांढरा, वीतभर लांब. कितीतरी वर्षं तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात होता.

पण रात्र अजून संपली नव्हती. तासाभराने दुसऱ्या बाजूने आवाज सुरू झाला, आणि हा आवाज आमच्याकडे येत होता. हळू, सावकाश, पाल्यावरून पोट घासत कुणी रांगत यावं तसा. मधेच पुटपुटल्यासारखा, मधेच पान उलटल्यासारखा. मी न सांगताच खोकले. तो थांबला नाही. मी पुन्हा खोकले, मोठ्याने. तरी येतच राहिला. मी नानांची बाही धरली. नाना शांत बसून होते, आणि आवाज अगदी माझ्या पायाशी आला तेव्हा त्यांनी बॅटरी लावली. पाणी होतं. कोरड्या सरीतून पाण्याचं तोंड पुढे सरकत होतं, वाळलेली पानं उचलत होतं, काळ्या मातीच्या भेगांत शिरून तिथली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढत होतं.

नाना हसले नाहीत. भेदरलेल्या पोरीला हसायचं नसतं हे त्यांना कळत होतं. ते एवढंच म्हणाले, "पानी काय थांबस का? वारा काय थांबस का? ज्याले कान शेतस, तेच थांबस."

ते वाक्य मी इतक्या वर्षांत विसरले नाही. पुढे मी विज्ञान शिकले, आता धुळ्यात विज्ञान शिकवते. ध्वनीचं प्रकरण आलं की फळ्यावर लहरी काढते, वेग लिहिते, सेकंदाला साधारण ३४३ मीटर. पण मुलांना खरं जे सांगावंसं वाटतं ते त्या बांधावरचं असतं. अंधारात एक आवाज हलतोय. तो जिवंत कशाचा आहे की नाही, हे आपण कशावरून ठरवतो?

तो कुठे आहे, हे सांगणं त्यातल्या त्यात सोपं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाइतका असतो, आणि आपला कान सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकसुद्धा पकडू शकतो. शिवाय डोक्याचा आडोसा होतो, त्यामुळे वरच्या पट्टीचे बारीक आवाज पलीकडच्या कानाला दबके येतात. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. राहतो तो समोर की मागे हा प्रश्न, कारण दोन्हींकडून आवाज दोन्ही कानांना सारखाच पोहोचतो. तिथे मान फिरवावी लागते. हान्स वॉलाक यांनी १९४० मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नाना आले. आवाज आला की ते आधी मान उजवीकडे, मग डावीकडे, अगदी थोडी फिरवायचे. मला लहानपणी ती त्यांची सवय वाटायची. ते मोजमाप होतं.

पण 'कुठे' कळलं म्हणून 'कोण' कळत नाही.

निर्जीव वस्तूचा आवाज बहुधा उतरणीला लागलेला असतो. दगड घरंगळला की त्याचा आवाज मंदावत जातो. चेंडू टप्पे खात जातो तेव्हा दोन टप्प्यांतलं अंतर ठरावीक प्रमाणात घटत जातं आणि शेवटी तडतड होऊन संपतं. १९८४ मध्ये विल्यम वॉरन आणि रॉबर्ट व्हरब्रूग यांनी दाखवलं की काचेची वस्तू पडून उसळली की फुटली, हे लोक नुसत्या आवाजाच्या लयीवरून ओळखतात. एकच लय म्हणजे उसळली, अनेक तुकड्यांच्या अनेक लयी म्हणजे फुटली. आपल्याकडे स्वयंपाकघरात भांडं पडलं की माजघरातून आई विचारते, "फुटलं की वाचलं?" आणि बहुतेक वेळा उत्तर तिला आधीच माहीत असतं.

जिवंत वस्तूचा आवाज उतरणीला लागून पुन्हा चढतो. बाहेरून कोणी ढकललेलं नसतं, तरी सुरू होतो. उंदीर पाल्यातून तुकड्यातुकड्याने जातो, सुळकन पळतो, थांबतो, वास घेतो. बेडूक एकेक धप् असा. सापाचा आवाज सलग, पाय नाहीत म्हणून पावलांमधली फट नाही. फुरसं तर अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर करतं, तो आवाज ओळखू आला की मागचा पाय मागेच घ्यायचा असतो. माणसाचं चालणं वेगळंच, दोन पायांचं, एकसारखं. १९९१ मध्ये ली, लोगन आणि पास्तोर या संशोधकांनी दाखवलं की चालणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, हेही लोक पावलांच्या आवाजावरून बऱ्यापैकी सांगतात. आमच्या माईंना, म्हणजे नानांच्या बायकोला, हे कोणी सांगायला नको होतं. कोणता बैल दावं तोडून अंगणात आलाय, हे त्या चुलीपुढून न उठता सांगायच्या.

डोळ्यांच्या बाबतीत याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल यांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट एवढंच होतं. पहिल्या गटात ३४ जण होते. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी जे पाहिलं त्याचं वर्णन सजीवांची हालचाल म्हणूनच केलं, भांडण, पाठलाग, भीती. फक्त एका बाईने ते भूमितीच्या भाषेत सांगितलं. म्हणजे नाक-डोळे नसले तरी चालतं, चालण्याची तऱ्हा जिवंत असली की पुरे. मला वाटतं कानाची अवस्था याहून बिकट आहे. डोळ्याला निदान त्रिकोण तरी दिसतो. कानाला आकारच नसतो. तऱ्हा हीच सगळी मिळकत.

आणि ही तऱ्हा फसवते. खानदेशातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वावटळ सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, नांगरून ठेवलेली काळी जमीन तव्यासारखी. जमिनीलगतची हवा तापून एकदम वर उसळते, आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते आणि गिरकी घेते. बागेच्या कडेला ही वावटळ वाळक्या पानांत शिरली की आवाज कसा होतो ते ऐकावं. आपोआप सुरू होतो. वळतो. एका जागी घुटमळतो. अचानक वेग घेतो. जिवंतपणाची म्हणून जी जी लक्षणं मी वर लिहिली, ती सगळी त्यात असतात. गावातले म्हातारे म्हणायचे, भूत चाललंय, बाजूला व्हा. मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. त्यांच्या कानांनी पुरावा बरोबर जमा केला होता.

मग वावटळ आणि जनावर यांत फरक काय? मी नानांना हे विचारलं होतं, मोठी झाल्यावर. म्हणाले, एकदा खोकून भागत नाही. वाराही कधीकधी नेमका त्याच वेळी पडतो. थोड्या वेळाने पुन्हा खोकायचं, मग जरा वेगळ्या वेळी पुन्हा. तीनदा थांबलं तर मानायचं. नानांचं शिक्षण सातवीपर्यंत. योगायोग वेगळा काढण्यासाठी प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी मला माहीत असतं की ती मी कुठे शिकले.

अंधारात जवळ येणारा आवाज आपल्याला जास्तच जवळ येतोय असं वाटतं, हेही त्या रात्री अनुभवलं होतं. नाव नंतर कळलं. १९९८ मध्ये जॉन न्यूहॉफ यांनी दाखवलं की मोठा होत जाणारा आवाज आणि तेवढाच लहान होत जाणारा आवाज ऐकवला, तर मोठा होणारा लोकांना जास्त बदलल्यासारखा वाटतो. थोडी आधी भीती वाटणं जिवाच्या सोयीचं आहे. पण त्यातला मला हलवून गेलेला तपशील वेगळाच आहे. हे ज्या आवाजाला एक ठरावीक पट्टी असते, म्हणजे स्वर असतो, त्याबाबत घडलं. नुसत्या सरमिसळ खरखरीबाबत नाही. आसिफ घझनफर, न्यूहॉफ आणि निकोस लोगोथेटिस यांनी २००२ मध्ये माकडांवर तेच पाहिलं. खरखर तर सगळीकडूनच येते, वाऱ्याची, पावसाची, पानांची. स्वर बहुधा एकाच जागेहून येतो, आणि रानात ती जागा पुष्कळदा गळाच असते. माकडांना आणि आपल्याला हा भेद कोणी शिकवला नाही.

गव्हाणी घुबड याच विद्येवर पोट भरतं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो, त्यामुळे आवाज किती उंचीवरून येतोय हेही त्याला कळतं. रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पालापाचोळा पसरून उंदीर सोडले, आणि घुबडाने ते अचूक उचलले. मग त्यांनी उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीने पाल्यातून ओढला. घुबडाने त्याच्यावरही झडप घातली. हे १९७१ मध्ये छापून आलं. मला त्या घुबडाबद्दल वाईट वाटलं होतं. त्याची दिशा चुकली नाही, अंतर चुकलं नाही, आणि बोळ्याला हलवणारा हात तर खरंच जिवंत होता.

घुबडाची चूक वाचताना मला श्रावणबाळ आठवतो. शरयूचा काठ, अंधार, पाण्यात घागर बुडताना होणारा बुडबुड आवाज. दशरथाला वाटलं हत्ती पाणी पितोय. शब्दवेधी बाण सुटला आणि तंतोतंत लागला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी म्हाताऱ्या आई-बापांसाठी रडायचे. आता मला त्या एका क्षणाशी अडखळायला होतं. जे पाण्यापाशी आहे ते जिवंत आहे, हे राजाने बरोबर ओळखलं. कोण आहे हे चुकलं. आणि विचारायची सोय होती. एकदा खाकरायचं होतं. काठावरून आवाज आला असता, "कोण आहे?"

विचारल्यावर उत्तर येणं, यात जिवंतपणा आहे हे तान्ह्या मुलांनाही कळतं. सुसान जॉन्सन, व्हर्जिनिया स्लॉटर आणि सुसान केरी यांनी १९९८ मध्ये वर्षभराच्या मुलांसमोर एक अनोळखी लोकरी वस्तू ठेवली, तिला चेहरा नव्हता. मूल काही बोललं, हललं, की ती वस्तू आवाज करून, दिवा चमकवून प्रतिसाद द्यायची. थोड्या वेळाने ती एका बाजूला वळली, तर मूलही त्या बाजूला बघू लागलं, जणू ती वस्तू तिकडे काही बघते आहे. जेव्हा ती वस्तू मुलाच्या बोलण्याशी संबंध न ठेवता तेवढेच आवाज आपल्याच तालात करत राहिली, तेव्हा मुलांनी तिच्या वळण्याला तसं महत्त्व दिलं नाही. म्हणजे डोळे नसले तरी चालतील, कान हवेत. हे वाचलं त्या दिवशी मी नानांना फोन केला होता. त्यांना नीट ऐकू आलं नाही, आणि मला फोनवर ते मोठ्याने सांगवेना.

जनावरांनाही हे कळतं. अलीकडे आमच्याकडे मक्यात रानडुकरं फार. भावाने शेतात एक भोंगा लावला, त्यात कुत्र्याचं भुंकणं आणि माणसाचं 'हाड हाड' भरलेलं. पहिले चार-पाच दिवस डुकरं फिरकली नाहीत. मग आली, आधी कडेला, मग थेट भोंग्याच्या खांबापाशी. तिथली कणसं खाऊन गेली. आवाज जागचा हलत नव्हता, डुकरं जवळ आली म्हणून बदलत नव्हता, निघून गेली म्हणून थांबत नव्हता. भावाने चिडून तो काढून टाकला. आता तो स्वतः रात्री फिरतो, खोकत खोकत.

आणि एक जो ऐकूच येत नाही. बिबट्या. गादीसारखे पाय, आणि पहाटे दव पडून पाला मऊ झालेला. दवाने पानं मुकी होतात, म्हणून नाना पहाटेच सगळ्यात सावध असायचे. तेव्हा ते पाल्याचा आवाज ऐकायचे नाहीत, टिटवी ऐकायचे. ती कुठून उठली, कुठे बसली, पुन्हा कुठून ओरडत उठली. तिच्या ओरडण्याची रेघ बागेवरून सरकत गेली की खाली कोणीतरी चाललंय. एकदा सकाळी ओल्या सरीत ठसे दिसले, आम्ही बसलो होतो त्या बांधापासून दहा पावलांवर. त्या रात्री मी तिथे होते. मी काहीच ऐकलं नव्हतं.

नाना आता चौऱ्याऐंशीचे आहेत. वय झालं की वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं. मेघगर्जना ऐकू येते, पानांची सळसळ नाही. बोलण्यातले स आणि श गळून पडतात, म्हणून त्यांना वाटतं सगळे पुटपुटतात. मी त्यांना कानाचं मशीन बसवून आणलं. पहिल्याच दिवशी ते लावून बागेत गेले आणि पाऊण तासात परत आले. मशीन काढून माझ्या हातात ठेवलं. "सगळंच जित्तं वाटस, माय," म्हणाले. मशीन लहान आवाज मोठे करतं, पण कानाची पाळी आवाजाला जो घाट देते तो कानामागच्या माइकला मिळत नाही. प्रत्येक पान त्यांच्या अंगावर येत होतं आणि एकाचीही जागा कळत नव्हती. ज्या माणसाने अंधारात पाणी आणि साळिंदर वेगळं काढलं, त्याला भर दिवसा आपल्या बागेतून पळून यावं लागलं. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

आता घरात ते मशीन लावत नाहीत. ओसरीत पाठ करून बसतात. मागून कोणी आल्याचं काही जाणवलं तर खोकतात. सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्याला कफ झालाय. सुना, नातवंडं, शेजारी, जो येतो तो ओरडून सांगतो, "मी आहे नाना!"

या दिवाळीला मी गेले तेव्हा मागच्या दाराने शिरले. परसात मक्याची चिपाडं पसरलेली होती, पायाखाली कडाकड मोडत होती. नानांची पाठ माझ्याकडे. मी निम्मं परस ओलांडलं तेव्हा त्यांची मान हलली. थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे. मग ते खोकले.

माझे पाय आपोआप थांबले. हातातली पिशवीसुद्धा मी खाली ठेवली नाही.

नाना तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा खोकले. मी हलले नाही.

"उनी का माय?" ते म्हणाले.